खर्जमास्तरांची गाळलेली ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या संगीत विद्यालयाच्या प्राचार्या, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले खर्जमास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, सहकारी शिक्षक, विद्यार्थी आणि मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि तब्येतीचा विषय काढू नका अशी प्रेमळ सूचनाही दिली आहे. वेळ तेवढी पाळायचा प्रयत्न करतो. मी पडलो ड्रम बडवणारा माणूस, हळू बोलणं मला जमत नाही. आणि सत्कारमूर्तींना 'ते' म्हणणंही जमणार नाही, तेवढं चालवून घ्या.

तरुणपणापासून आम्ही दोघं एकत्र जॅझ वाजवत आलो. हॉटेलांत, क्लबांत, कुणाकुणाच्या पार्ट्यांत. लोक गाणारीकडे बघायचे, सॅक्सोफोनवाल्याकडे बघायचे. माणसाहून उंच डबल बेस घेऊन मागे खालचे सूर सांभाळणाऱ्या या गृहस्थाकडे कोण बघणार? एकदा एका बाईंनी त्याला हॉटेलचा नोकर समजून आपला कोट त्याच्या हातात दिला. याने तो वाद्याच्या खुंटीला अडकवला आणि गाणं पुढे चालू!

मग तो इथे शिकवायला आला आणि मलाही ओढून घेऊन आला. परीक्षेत प्रत्येक मुलाच्या मागे हा स्वतः बेसवर उभा. पोरगं घाबरून एखादी ओळ गाळून पुढे गेलं, की हाही ती ओळ गाळायचा, भुवई उडवून मला खूण करायचा आणि आम्ही सगळे एकदम पुढच्या ओळीवर. परीक्षकांना पत्ताही लागत नसे. मी चिडायचो. "अरे, लाडावून ठेवशील पोरांना!" तो म्हणायचा, "स्टेजवर कुणाला एकटं टाकायचं नाही. आत गेल्यावर कान धरायला मी आहेच की." आणि धरायचा. कुठली ओळ, कशी गेली, सगळं तोंडावर सांगायचा. इथे बसलेल्या किती जणांनी आत रडून घेतलंय, हात वर करा म्हणालो तर पंचाईत होईल.

गेल्या वर्षीच्या वार्षिक कार्यक्रमात मास्तरनेच ओळ गाळली. पियानोवरच्या मुलीच्या क्षणात लक्षात आलं, तिनेही ती सोडली आणि तिच्यामागे आम्ही. टाळ्या पडल्या. थकला असेल, म्हटलं. पण मग ते पुन्हा झालं आणि पुढे दर वेळी होऊ लागलं. जी गाणी वाजवता वाजवता आमचे केस पिकले, त्यांत तो वाट चुकायला लागला. मुलं इतकी तरबेज झाली, की त्याचा डावा हात सरकला रे सरकला, की त्याच्यासोबत पुढे. आत गेल्यावर मात्र सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. सांगणार कोण? आणि कुठल्या तोंडाने?

त्या मुलीने सांगितलं. गेल्या महिन्यात, तालीम संपल्यावर. "सर, आज तुम्ही दुसरी ओळ गाळलीत. हल्ली नेहमीच गाळता. आम्ही सांभाळून घेतो."

मास्तरने वळून विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं, सर."

त्याने वाद्य भिंतीशी आडवं ठेवलं आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी राजीनामा. पुढे डॉक्टरांनी त्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं, ते मी इथे घेणार नाही.

मग शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं गेलं! "पोरीने मास्तरांचा बळी घेतला." "गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?" मी ऐकलंय. तिनेही ऐकलंय. म्हणून ती आज पियानोवर नाही, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली आहे. वाजवणार नाही म्हणते. मित्रहो, मास्तरने आयुष्यभर जे शिकवलं, त्यातलं सोयीचं अर्धं आम्ही उचललं. पूर्ण शिकली ती एकटीच, आणि शिक्षा भोगतेय तीही एकटीच. मला याचा फार त्रास होतो.

आज सकाळी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांना वाजवू देऊ नका. लोक हसतील हो." तेवढ्यात हा आतून ओरडला, "ती पियानोवर असेल तरच वाजवेन. तुमच्यातल्या एकाच्याही शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही."

मला लागलं. लागायलाच हवं होतं.

प्राचार्याबाई, पाहुणे मंडळी, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. आता मास्तर वाजवेल, त्यातही एखादी ओळ गळेल, तीही आपण पोटात घालाल.

ही मुलगी मात्र घालणार नाही. ती आत जाऊन त्याला सांगेल. ये बाळ, तो तुझ्यासाठी थांबलाय.