रेवाने शोधलेला खळगा

आदरणीय अध्यक्ष विश्वजीत साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या बोटींच्या कारखान्यातले सगळे भाऊ-बहिणी, आणि जिला निरोप द्यायला आज पनवेलच्या या सभागृहात जमलो ती आपली इंजिनिअर रेवा, सगळ्यांना माझा सलाम. मी हसन मुकादम, साच्यांच्या खात्याचा फोरमन. भाषण बायकोनं, शरीफानं, छान लिहून दिलंय. पण चष्मा घरी राहिला. तेव्हा मनातलंच बोलतो.

गेल्या वर्षीची गस्तीची बोट आठवते ना? वेग घेतला की उजवीकडे कलायची. इंजिन तपासलं, सुकाणू बदललं, काही उपयोग नाही. गिऱ्हाईक म्हणालं, महिन्यात सरळ करा, नाहीतर बोट ठेवा तुमच्याकडेच. तेव्हा रेवा एक पेटी घेऊन आली. आत हातात धरायचं लेझरचं यंत्र. बोटीच्या पोटावरून त्याची लाल रेघ फिरवली, की तो सगळा आकार कॉम्प्युटरवर उमटतो, बारीकसारीक उंचसखलपणासकट.

मी काय म्हणालो? "बाई, तीस वर्षं या हातांनी बोटी केल्यात. हे खेळणं मला शिकवणार?"

तिनं यंत्र उचललं. तीन दिवस बोटीखाली आडवी पडून मोजत राहिली.

डाव्या बाजूला, तळाच्या मागच्या टोकाशी, सहा मिलिमीटरचा खळगा निघाला. वेगात तिथे पाणी दाबलं जायचं आणि ती बाजू उचलली जायची. आणि ते पोट ज्या साच्यातून निघालं, तो साचा मी घासलेला! माझी लेक शाजिया तेव्हा इस्पितळात होती. हात साच्यावर, जीव तिच्यापाशी. आता ठणठणीत आहे हां, ती बघा, मागे बसलीय.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे काम कुणाचं?"

साच्याच्या वहीतली माझी सही रेवानं पाहिली होती. तरी म्हणाली, "साहेब, मोजमापात खळगा दिसतो, माणसाचं नाव नाही दिसत."

आता सांगा, यावर मी गप्प कसा बसणार? उठलो. म्हटलं, "माझं काम, साहेब. मीच दुरुस्त करतो."

आठ दिवस मी भरायचो, घासायचो, ती मोजायची. "चाचा, अजून थोडं." "चाचा, इथे जास्त झालं." मग उरणच्या समुद्रात चाचणी झाली. मी कारखान्यातच थांबलो, जायची हिंमत होईना. दुपारी तिचा फोन आला. मागे इंजिनाचा एवढा आवाज, आणि ही ओरडतेय, "चाचा, सरळ धावतेय! एकदम सरळ!" साहेब, त्या दिवशी मी पॉलिशच्या खोलीत जाऊन रडलो. डोळ्यांत धूळ गेली असं सगळ्यांना सांगितलं.

उद्या ती कोचीला चाललीय, मोठ्या कामावर. अल्ला तिला सुखी ठेवो.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, शुक्रिया. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि रेवा, वर्षभर आपण सोबत जेवलो, हसलो, पण एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. बेटा, आज सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्या यंत्राला खेळणं म्हणालो, माझं चुकलं. मला माफ कर.