सफूराखालांच्या अंगणाकडची भिंत

मराठी मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष चंद्रहासजी, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती कासमभाई, सुरैयाभाभी आणि ओमानच्या या सहम गावातल्या माझ्या सगळ्या मराठी बंधुभगिनींनो,

आज शुक्रवार, १८ मे २००१. सकाळी कासमभाईंनी एसीच्या दुकानाची पाटी उतरवली. दुपारी जुम्म्याची नमाज झाली. आत्ता संध्याकाळी आपण शाल आणि श्रीफळ घेऊन या हॉलमध्ये जमलो आहोत. रविवारी हे दोघं नवराबायको कायमचे दापोलीला जातील.

मी दयानंद, स्टोअरकीपर. भाषणाची मला सवय नाही. अध्यक्षांनी ‘दोन गोड शब्द बोला’ असा आग्रह केला. दोन शब्द बोलतो. गोड होतील की नाही, सांगता येत नाही.

कासमभाईंची कामाची रीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. इथे घराघराला अंगण, आणि छतावर चढलेल्या माणसाला शेजारचं अंगण दिसतं. म्हणून ते आधी दोन्ही बाजूंची दारं वाजवायचे, मोठ्याने हाक द्यायचे आणि बायामाणसं आत गेली, असा आतून आवाज आल्यावरच शिडी लावायचे. आपले अध्यक्ष त्यांना चिडवायचे, “कासम, तुझं अर्धं आयुष्य शिडीखाली उभं राहण्यात जाणार!” त्यावर हे म्हणायचे, “बलदियाचा परवाना खिशात असतो साहेब, शेजाऱ्याचा तोंडात असतो.”

पुढे बलदियाने, म्हणजे इथल्या नगरपालिकेनेही, तेच कागदावर आणलं. एसीचं बाहेरचं यंत्र शेजारच्या अंगणाकडे येत असेल, तर परवान्याच्या अर्जावर शेजारच्या घरमालकाची सही हवी. नियम चांगलाच होता. माझी आजही त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमचा जुना एसी बंद पडला. माझी पत्नी प्रभावती हृदयाची पेशंट. समुद्राकाठचा तो दमट उकाडा तुम्हाला मी काय सांगू? पंखा गरम हवाच अंगावर ढकलायचा. नवा एसी मी आणून ठेवला. पण आमच्या खोलीला बाहेरची भिंत एकच, आणि ती शेजारच्या सफूराखालांच्या अंगणाकडची. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. खाला इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर बाई ठरलेले दिवस घरातच राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही, ती इद्दत. घरमालक आता त्याच. म्हणजे सहीही त्यांचीच हवी.

कासमभाई आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “दयानंद, त्या बाईच्या दारात मी आता कागद घेऊन कसा जाऊ रे? माणूस गेलाय तिचा.”

मी म्हटलं, “नको, बरं दिसत नाही.”

आतून प्रभावती म्हणाली, “अहो भाऊजी, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. त्यांना नका त्रास देऊ. मी ओला टॉवेल घेऊन पडते.”

तिघांचंही एकमत झालं. आम्हाला वाटलं, आपण किती समंजस माणसं! ते दिवस संपायच्या आधीच एका दुपारी, मी ड्यूटीवर असताना, प्रभावती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतंच, उन्हाळ्याने किती भर घातली ते सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नाही, मलाही येत नाही.

यानंतरचं मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. गावात एक गोष्ट पसरली. कासमभाई हिंदू बाईसाठी छतावर चढले नाहीत, आपल्या जातभाईसाठी परवाना बिरवाना न बघता चढले असते, अशी. कुणी सुरू केली ते मी विचारणार नाही. माझ्याकडे बघा, जमिनीकडे बघू नका. त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी त्यांना कामाला बोलावलं? चांगलं चाललेलं दुकान आज का बंद होतंय? कायमचं घालवायचं आणि वर शाल द्यायची, हे मला कळत नाही.

ती गोष्ट खोटी आहे. हा माणूस एका दुःखी बाईच्या अब्रूसाठी थांबला, आणि मी त्याला थांब म्हटलं. कासमभाई, हे डोक्यावर घेऊन तुम्ही विमानात बसू नका.

पण दुसरीही गोष्ट आहे. इद्दत संपल्यावर सफूराखालांनी सुरैयाभाभींना बोलावून घेतलं. रडल्या. म्हणाल्या, “मला एक निरोप का नाही दिला? मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं असतं. तुमचं काम होईपर्यंत बसले असते. खलास. एवढंच तर होतं!”

एवढंच होतं. भाभी तर इद्दतीत रोज त्यांच्याकडे जात होत्या. बायकांना जाता येत होतं. एका शब्दात काम झालं असतं. ते कुणालाच सुचलं नाही. चांगुलपणात माणसं विचारायचंच विसरतात का हो?

कासमभाई, तुम्ही निर्दोष आहात, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. माझं मन मोकळं झालं का? नाही झालं. तुमचा चेहरा दिसला की मला तो ओला टॉवेल दिसतो. यात तुमचा अपराध नाही, पण दिसतो.

भाभी, आज जेवायला या म्हणालात. मी येणार नाही. राग धरू नका. तुमच्या पंगतीत घास उतरेल इतकी माझी अजून तयारी नाही. दापोलीला कधी आलो, तर आधी हाक देईन.

मंडळाने माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये, हे मला समजतं. कुणाला लागलं असेल, तर एकट्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला.

तुमचा कार्यक्रम चालू द्या. मला मात्र आता जाऊ द्या. उद्या शनिवार, ड्यूटी आहे. घरी जाऊन तांदूळ धुतो आणि माझ्यापुरता भात लावतो.