सालीसकट

लेक : आई, या बशीत काय आहे?

आई : सालं. वांग्याची. तव्यावर जरा परतली की बरी लागतात. तू आधी हात धू, दवाखान्यातून आलीयस.

लेक : आणि वांगं कुठंय?

आई : यांच्या ताटात. मऊ केलंय छान, पांढरंशुभ्र.

लेक : पांढरं! बाबा, तुम्ही रोज असं सोललेलं खाता?

बाबा : समोर येईल ते खातो. या घरात मला तेवढंच स्वातंत्र्य आहे.

लेक : थट्टा नको. सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. हिरड्यांची सूज उतरली नसेल तर पुढचे दोन्ही दात काढणार म्हणालेत. मग क्लॅरिनेट कशानं वाजवणार? बँडवाले तुमची जागा किती दिवस धरून ठेवतील?

बाबा : माझ्या तोंडातले दात आहेत ते. तुझ्या आधी मला कळतंय.

लेक : मग? मधुमेहात सूज अंगात आतल्या आत धुमसत राहते, म्हणून मी जीव तोडून सांगत होते, औषधांच्या जोडीला रंगाचं खा. जांभळं, काळं, लाल. फळं-भाज्यांतले हे रंग सूज उतरायला हातभार लावतात असं दिसतंय. आणि मी इकडे डोकं धरून बसलेय, बाबांच्या रक्तातला सुजेचा आकडा हलत का नाही!

आई : अगं, सगळं देते मी. एक दिवस चुकवला नाही. परवाच जांभळा कोबी दिला.

लेक : कसा दिला?

आई : उकडून. रंग जाईपर्यंत. पोटाला हलका पडतो.

लेक : देवा! आणि ते पाणी?

आई : फेकते की काय? इतकं सुंदर जांभळं पाणी. चिमूटभर मीठ टाकून मीच पिते.

लेक : द्राक्षं?

आई : ...सोलून.

लेक : द्राक्षं सोलून?

आई : नखानं निघते साल. वेळ लागतो, पण निघते.

बाबा : तरीच दुपारभर खिडकीशी मान खाली घालून बसलेली असते. मला वाटायचं, काहीतरी शिवतेय.

लेक : अगं, वांग्याचा काय, द्राक्षाचा काय, रंग सालीत असतो! सालीत! तू बाबांना रंग सोडून बाकी सगळं दिलंस.

आई : मग तसं सांगायचं होतंस. वांगी, काळी द्राक्षं, जांभळा कोबी, एवढंच म्हणालीस. मोठी आहारतज्ज्ञ ना तू? सालीचं कधी बोललीस?

लेक : मोठ्या माणसाला द्राक्षं सोलून कोण देतं?

आई : ज्याच्या डोळ्यांत चावताना पाणी येतं, त्याला मी देते.

बाबा : जाऊ दे ना आता.

आई : तुम्ही गप्प बसा. हे तुला सांगणार नाहीत. साल हिरडीला लागली की घास तोंडात तसाच धरून बसतात. आणि तू आलीस की म्हणतात, मस्त झालंय.

लेक : म्हणजे हिरडी सुजली म्हणून साल नको, आणि साल नको म्हणून... काय करू मी तुम्हा दोघांचं! मला का नाही सांगितलं? मिक्सरमधून काढून दिलं असतं. एका वाक्याचं काम होतं!

बाबा : तू रागावतेस.

लेक : रागावते! दिवसभर लोकांना शिकवायचं आणि आपल्या घरात ही तऱ्हा. आणि आता कळलं, आई, तुझा आकडा का उतरला ते.

आई : माझा कसला आकडा?

लेक : सुजेचा. तुलाही मधुमेह आहे, विसरलीस? गेल्या आठवड्यात दोघांचं रक्त दिलं होतं ना. बाबांचा जैसे थे, आणि तुझा निम्म्यावर आलाय. मला वाटलं, तपासणाऱ्यांनी नळ्यांची अदलाबदल केली. भांडून आले मी तिथे.

आई : म्हणजे... यांच्या वाटणीचं मी खाल्लं?

लेक : तसं नाही गं. नुसत्या सालींनी एवढं होत नाही. तुझी गोळी बदललीय, चालणं वाढलंय...

आई : ओट्यापाशी उभी राहून खात होते. टाकवत नाही म्हणून. यांचं वाजवणं मी खाल्लं गं.

बाबा : ए, वेडी आहेस का? रडतेस काय? लग्न झाल्यापासून चांगलं ते माझ्या ताटात आणि उरलंसुरलं तुझ्या. एकदा चुकून उलटं झालं, तर झालं.

लेक : बाबा, सोमवारपर्यंत आता काही फरक पडणार नाही.

बाबा : माहीत आहे. ते दोन गेलेच म्हणून समज.

(आई मिक्सर ओट्यावर ओढते.)

आई : सालीसकट वाटते मी. बाकीचे तरी राहू देत यांचे.

लेक : गाळू नकोस म्हणजे झालं.

आई : नाही गाळत. ती बशी दे इकडे.

बाबा : सगळी घालू नकोस. निम्मी तुझ्या बशीत राहू दे. आणि बसून खा.