हवा आत कुठून येणार?

आत्या : तो नको, त्याच्या वरचा दाखवा. मोठ्या पात्यांचा. हां, तोच! बघ गं, कसला दणकट आहे!

दुकानदार : मावशी, तो कारखान्यातला पंखा आहे. तुम्हाला बसवायचाय कुठं?

आत्या : घरात. शिवणाच्या खोलीत.

दुकानदार : शिवणाच्या खोलीत हा लावलात तर कापडं उडून शेजाऱ्यांकडे जातील.

भाची : आता तिथं शिवण नसतं, दादा. आत्यानं काम बंद केलं, खोली रिकामी पडली, म्हणून आम्ही तिथं मशरूम लावलीयेत. पेंढा भरलेल्या पिशव्या टांगल्यात, चांगल्या चाळीस.

आत्या : आणि आज सकाळी कोंब फुटले! टाचणीच्या डोक्याएवढे! मी दारातच ओरडले. हिला अंघोळीतून ओढून आणलं.

भाची : डोक्याला साबण तसाच.

दुकानदार : वा! मग पंख्याची एवढी घाई कशाला?

भाची : आजच्या आज बसवायचाय. मागच्या खेपेला सगळं पीक वाया गेलं. देठ वीतभर लांब आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. माहितीपत्रकात लिहिलंय, खोलीतली हवा कोंडली की असं होतं. मशरूमही श्वास सोडतात ना, तो बाहेर काढावा लागतो.

आत्या : पत्रक काही का म्हणेना. माझ्या हातानं बिघडलं ते. पिशव्या मी भरल्या होत्या. हे बघा भाऊ, कसा कापतो हात. शिवण सुटलं ते यामुळंच. सुईत दोरा जाईना.

भाची : आत्या, परत तेच?

आत्या : बरं बाई, राहिलं. आजचा दिवस चांगला आहे. पण सांगून ठेवते, याही खेपेला बिघडलं तर त्या खोलीला कुलूप. मग दिवसभर मी आणि पुढच्या खोलीची खिडकी. रस्त्यावरून कोण गेलं नि कोण आलं, मोजत बसेन.

दुकानदार : कुलपाचं दुकान समोर आहे, इथं पंखे मिळतात. खोलीचं माप सांगा.

आत्या : लांबी दहा फूट दोन बोटं, रुंदी आठ फूट दोन बोटं, उंची नऊ फूट दोन बोटं.

दुकानदार : सगळीकडे दोन बोटंच?

भाची : आत्या! तू शिवणीत दाबायला जास्तीचं धरलंस?

आत्या : अगं, सवय! टेप हातात आली की बोटं आपोआप पुढं सरकतात.

दुकानदार : चांगलंय. धुतल्यावर खोली आटली तरी काळजी नाही.

भाची : दादा, हसवू नका, माझा हिशोब चुकेल. दहा आठे ऐंशी, गुणिले नऊ, सातशे वीस. सातशे वीस घनफूट. आणि दर दहा मिनिटांनी हवा बदलायला हवी.

दुकानदार : म्हणजे मिनिटाला बहात्तर. मावशींचा तो पैलवान मिनिटभरात अख्खी खोली उपसून काढेल. ओलावा गेला की कोंब जागच्या जागी वाळणार. तुम्ही हा सहा इंची घ्या. वेग कमीजास्त करता येतो.

आत्या : एवढासा? हा तर बाहुलीच्या घरातला!

दुकानदार : लावतो. हा कागद समोर धरा.

आत्या : अगंबाई! काय फडफडतोय! आणि आवाज बघ, आवाजच नाही!

भाची : आत्या, हाच! बांधा, दादा, बांधा!

दुकानदार : थांबा जरा. जेवढी हवा हा बाहेर टाकेल तेवढी आत यायला नको का? तुमच्या खोलीत ती कुठून येते? दाराखालून? खिडकीच्या फटीतून?

आत्या : फट? माझ्या खोलीत? अहो, पत्रकात लिहिलं होतं, माशा येऊ देऊ नका. मी मागच्या खेपेलाच दाराला चारी बाजूंनी दुहेरी कापडाची पट्टी शिवून लावली, आत कापूस भरून. खिडकीलाही तशीच. मुंगी शिरून दाखवू दे!

भाची : ती तू शिवलीस? मला वाटलं विकत आणलीस.

आत्या : सुई ओवण्यातच अख्खी दुपार गेली. तुला कशाला सांगू? शिवण सोडलं म्हणून गावभर सांगून बसले होते.

दुकानदार : मावशी, इकडं बघा. या खोक्याला भोक आहे, त्यात पंखा बसवला. झाकण उघडं आहे, कागद फडफडतोय. आता झाकण लावतो.

आत्या : पडला की कागद! पंखा तर फिरतोय!

दुकानदार : फिरेल हो. पण बाहेर टाकायला आत हवा तर यायला हवी. हा पंखा काय, तो पैलवान लावला असता तरी हेच.

भाची : म्हणजे मागच्या खेपेला... आत्या, तुझ्या पिशव्यांनी काही बिघडलं नव्हतं! खोलीच गुदमरली होती!

दुकानदार : खरं सांगायचं तर बिघडलं मावशींच्या हातानंच. पण हात कापला म्हणून नाही. शिवण फार पक्की झाली म्हणून.

(आत्या दोन्ही हात काउंटरवर ठेवून त्यांच्याकडे बघते.)

आत्या : एवढी पक्की होती?

दुकानदार : टाक्याएवढीसुद्धा जागा सोडली नाहीत तुम्ही.

आत्या : ऐकलंस का गं? फार पक्की, म्हणतायत!

भाची : ऐकलं! अख्ख्या बाजारानं ऐकलं!

आत्या : ऐकू दे. मी तर रात्र रात्र या हाताला बोल लावत होते. बरं, आता काय करायचं? पट्टी उसवू?

दुकानदार : उसवू नका, असू दे. पंख्याच्या समोरच्या भिंतीत फूटभर लांबीरुंदीचं भोक पाडा. त्यावर बारीक जाळीच्या कापडाचं आवरण, म्हणजे हवा येईल, माशी नाही. धुवायला काढता यायला हवं. तयार मिळतं, पण मागवावं लागेल. चार दिवस लागतील.

भाची : चार दिवस? कोंब थांबणार नाहीत हो!

आत्या : तयार कशाला? जाळी माझ्या पेटीत पडून आहे. दुहेरी घेते, कडेनं नाडी घालते. किती म्हणालात, एक फूट?

दुकानदार : एक फूट दोन बोटं.

आत्या : आता कसं बोललात!

भाची : पण आत्या, हात...

आत्या : कापतो तर कापू दे. दुपार घालवायला मात्र आज वेळ नाही. घरी गेल्यावर तू सुई ओवून दे, टाके मी घालते.