रसायनाच्या प्रयोगशाळेतला धर्माचा तास

आता तुम्हीच सांगा, माणसानं अपेक्षा ठेवायच्या तरी किती कमी ठेवायच्या! मी लहानाची मोठी झाले विलायतेत, डंडीला. तिथून शिकवायला इकडे आमच्या गावी, झगाझिगला परत आले ना, तेव्हा विमानात बसल्या बसल्या अख्खं चित्र डोळ्यांपुढे होतं... वर्गात पोरं गोल करून बसलीयत, एक म्हणतंय मिस मला तारे बघायचेत, दुसरं म्हणतंय मला जुनी नाणी वाचायचीत, आणि मी प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून म्हणतेय, निवड बाळा, तुला हवं ते निवड! गोल करून? अहो, इथले बाक जमिनीत सिमेंट घालून पक्के केलेत! मागच्या वर्षी कुणीतरी एक बाक उचलून घरी नेला म्हणून! एकेका बाकावर तिघंतिघं, मधल्यानं हात वर केला की कडेचा खाली पडतो, आणि मी निघालेय त्यांना गोल करायला!

बरं, ते राहू द्या. विषय निवडीचे अर्ज आले. सोमवारी मी दहावीच्या बेचाळीस पोरांना वाटले आणि म्हटलं, घाई करू नका, आठवडाभर विचार करा, स्वतःशी बोला, मग लिहा. मंगळवारी सकाळी एक्केचाळीस अर्ज भरून माझ्या टेबलावर! आणि अक्षर कुणाचं? आयांचं! 'विद्यार्थ्याची आवड' असा एक रकाना होता, त्यात एका माउलीनं लिहिलं होतं, 'अल्लाच्या कृपेनं डॉक्टर', आणि खाली दोन रेघा! मी त्या पोराला बाजूला घेतलं, म्हटलं, मुआज, तुला रक्त बघून चक्कर येते ना रे? तर म्हणतो कसा, "मिस, डॉक्टर झाल्यावर रक्त नर्स बघेल." निवड म्हणे, निवड!

मी तशीच तणतणत मुख्याध्यापिकांकडे गेले. अब्ला इग्लाल, इथे बाईंना अब्ला म्हणतात. तीस वर्षं शाळा चालवतायत, चहाचा पेला हातातून सुटत नाही, आवाज कसा... मधात बुडवून काढलेला. म्हटलं, अब्ला, यादीत पाच विषय आहेत, सगळ्यांनी जीवशास्त्रच कसं लिहिलं? त्या म्हणाल्या, "अगं नर्दीन, अगं माझे बाई, प्रोग्रॅमिंगला शिक्षक नाही. मानसशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. फ्रेंचचे मिस्टर कुवेतला गेले, ते आता तिथे फ्रिज विकतात. राहिलं जीवशास्त्र आणि इतिहास. आणि इतिहास घेऊन कुणाचं भलं झालंय? पण सक्ती नाही हं आपल्याकडे, मुलांनी खुश्शाल निवडावं!" ... म्हणजे बघा, ताट समोर ठेवायचं, त्यातलं सगळं काढून घ्यायचं, आणि म्हणायचं हवं ते खा!

एकच अर्ज कोरा होता. एरिनीचा. ही पोरगी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर तल्ल बस्ताच्या, फॅरोंच्या काळातल्या त्या पडक्या देवळांत जाऊन बसते. तिथल्या पहारेकऱ्यांना ती नावानं माहीत आहे, ते तिला चहा पाजतात आणि ती दगडावरची चित्रं वहीत उतरवते, बदकं, मांजरं, मोडकी होडकी, सगळं. तिला इतिहास हवा होता. पण तिची आई, मदाम इन्साफ, चौकातलं औषधाचं दुकान तिचंच, ती इतिहास लिहू देईना आणि ही जीवशास्त्र लिहीना. असा तो कोरा अर्ज, रोज दप्तरात घडी होऊन यायचा आणि घडी होऊन जायचा. पुढल्या गुरुवारी शेवटची तारीख. मी मनात म्हटलं, नर्दीन, बेचाळीसांतली ही एक तरी सुटली पाहिजे! नाहीतर तू परत आलीस कशाला, उन्हात भाजायला?

आता मला खरी कशाची चीड आहे सांगू? धर्माच्या तासाची. बाकी विषयांत निदान निवडीचं नाटक तरी आहे, इथे तेही नाही. धर्म सक्तीचा! घंटा झाली की इस्लाम शिकवणारे उस्ताद अब्दुल-मौजूद वर्गात येतात आणि आमची ख्रिस्ती पोरं, बेचाळीसांतली नऊ, दप्तरं उचलून बाहेर. कुठे? जिथे जागा असेल तिथे! सध्या रसायनाच्या प्रयोगशाळेत. गळका नळ, अंड्याचा वास, भिंतीवर 'आम्लाला हात लावू नये', आणि त्या पाटीखाली बसून शेजाऱ्यावर प्रेम करायचं शिकायचं! एरिनी आणि तिच्या बाकावरची जन्ना, एका सँडविचला दोन तोंडं असणाऱ्या ह्या मुली, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना आठवण करून द्यायची की बायांनो, तुम्ही वेगवेगळ्या हं! मला वाटलं जन्नाला किती वाईट वाटत असेल. तर ती खिडकीतून ओरडतेय, "एरिनी! तू बाहेरच आहेस तर कँटीनमधून ताअमियाचे गरम वडे आण, आत्ता रांग नसते!"

मी शिक्षकांच्या खोलीत भाषण ठोकलं. म्हटलं, श्रद्धा म्हणजे काय पाढे आहेत घोकायला? ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं, ज्याला नको त्याला सोडा! सगळे चहा पीत ऐकत होते. भाषण संपल्यावर उस्ताद अब्दुल-मौजूद, फार गोड माणूस, मला म्हणाले, "पोरी, तू तुझ्या नऊजणांना बाहेर जावं लागतं म्हणून रडतेस. माझे तेहेतीस आत झोपतात, त्यांना बाहेरही जाता येत नाही. जास्त दुःखी कोण?"

पण मी गप्प बसणारी नव्हे. मी मतदान घेतलं! गुप्त! चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहू नका, मनातलं लिहा, धर्म हा विषय सक्तीचा असावा की नसावा. मुआजच्या टोपीत चिठ्ठ्या गोळा केल्या, म्हटलं ह्या देशात आज पहिल्यांदा कुणीतरी पोरांना विचारतंय! उघडते तर काय... असावा. असावा. असावा. बेचाळीसच्या बेचाळीस! माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. म्हटलं, आपण चुकलो, पोरं खरंच भाविक आहेत. विचारलं, का रे? तर जन्ना उठली. "मिस, तो काढला तर त्या जागी भौतिकशास्त्राचा जादा तास ठेवतील." आणि मागून एरिनी, माझी एरिनी! "आणि मिस, प्रयोगशाळेत पंखा आहे."

हसू नका! मला तेव्हा रडायचं होतं. आणि वरून त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. इतकी वर्षं धर्मात नुसतं पास व्हायचं असे, मार्क एकूणात धरत नसत, म्हणून पुस्तकाला कुणी हात लावत नसे. आता म्हणे एकूणात धरणार! झालं! इथे 'एकूण' म्हटलं की माणूस झोपेतून उठून बसतो. वरात असो, बारसं असो, पाहुणा आधी विचारतो, पोराचं एकूण किती? दोन दिवसांत अख्ख्या झगाझिगला देव आठवला. उस्ताद अब्दुल-मौजूदांचे तेहेतीस खडखडीत जागे! गाळलेल्या जागा भरा, प्रामाणिकपणाचे पाच फायदे लिहा, सहावा लिहिला तर मार्क मिळतो का सर... आणि प्रामाणिकपणाचे ते पाच फायदे मुआजनं तळहातावर लिहून ठेवलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत!

तर आता हे नऊजण. त्यांना धर्म कोण शिकवायचं? रसायनाचे मिस्टर वदीअ. का? ते ख्रिस्ती होते आणि प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे होती. ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले. अब्ला इग्लालनी मला बोलावलं. चहा पुढे केला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"नर्दीन, तुझ्या ओळखपत्रावर धर्माच्या जागी काय लिहिलंय गं?"

म्हटलं, ख्रिस्ती.

"मग देवच पावला! मला शिक्षिका मिळाली!"

म्हटलं, अब्ला, मी इंग्रजी शिकवते! तर म्हणे, "आणि वदीअ रसायन शिकवायचा." म्हटलं, अहो, मी ह्या सक्तीच्या विरुद्ध पत्र लिहिलंय, तुमच्याच टेबलावर आहे ते! त्यांनी पत्राकडे पाहिलं. पत्रावर पेला ठेवलेला होता. "पत्र फार सुंदर आहे. पण वर्गकामाचे मार्क शाळेतल्याच शिक्षकानं द्यायचे असतात. शिक्षक नाही तर रकान्यात शून्य. नऊ शून्यं मी लिहू की तू लिहितेस? सक्ती नाही हं, तूच ठरव." निवड म्हणे, निवड!

मी ताडकन उठले. नाही म्हणाले! तत्त्वाचा प्रश्न होता! जिन्यावरून उतरले ती मान ताठ, छाती पुढे, आणि बातमी माझ्याआधी खाली पोचलेली, फाटकात मदाम इन्साफ उभी! एका हातात बिस्किटांचा डबा, दुसऱ्या हातात एरिनीचं मनगट.

"मिस नर्दीन, मी दुकान उघडं टाकून आलेय, सरळ बोलते. ही दिवसरात्र इतिहास इतिहास करते. जीवशास्त्रात कसे मार्क आणायचे ते मला कळतं. इतिहासाचा काय भरवसा? पेपर तपासणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालेलं असलं की गेले दहा मार्क! पण धर्मात हिला पैकीच्या पैकी मिळाले तर तो खड्डा भरून निघतो. शिकवणी तर मिस्टर वदीअकडे लावलीच आहे. पण वर्गकाम तुमच्या हातात. तुम्ही हो म्हणा, मी हिला इतिहास घेऊ देते. तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता इथे जीवशास्त्र लिहिते. पेन आणलंय."

म्हटलं, मदाम, पण माझा सक्तीला विरोध आहे!

"असू द्या की! माझा कुठे नाही? मार्क मिळाल्यावर दोघी मिळून करू विरोध. बिस्किट घ्या."

आणि एरिनी... तो कोरा अर्ज घड्या पडून पडून चार ठिकाणी फाटायला आलेला, तो छातीशी धरून मला हळूच म्हणते, "मिस, तुम्ही फक्त हो म्हणा. श्रद्धेचं माझं मी बघते."

आता सांगा! एका बाजूला माझं तत्त्व, दुसऱ्या बाजूला ज्या एका पोरीसाठी ते तत्त्व आहे तीच पोरगी! नऊजणांवर सक्ती केली तर एकीला निवड मिळणार! हा कुठला हिशेब? हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात? मला तर नाही शिकवलं, आणि मी चांगली पहिल्या वर्गात पास झालेय! मी बिस्किट तोंडात कोंबलं आणि म्हटलं, सकाळी सांगते.

घरी गेले, धर्माचं पुस्तक उघडलं. म्हटलं बघू तरी, कशाला नाही म्हणायचं ते. पहिल्याच पानावर सात ओळी पाठांतराला, शुद्ध जड अरबीत. मी वाचायला लागले... अहो, बोट ठेवून! तिसऱ्या शब्दावर अडकले. बाबा शेजारी काकडी चिरत होते. मी म्हटलं, बाबा, हा शब्द काय? बाबा काकडी खाली ठेवून हसायला लागले. "पोरी, डंडीत धर्माचा तास असायचा तेव्हा तुला ग्रंथालयात बसू द्यावं म्हणून मी चिठ्ठी दिली होती. तूच मागितलीस. अकरा वर्षांची होतीस, म्हणालीस हा माझ्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे." म्हटलं, मग मी तिथे काय केलं? "घोड्यांच्या गोष्टी वाचल्यास. सहा वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अब्ला इग्लालकडे गेले आणि हो म्हणून टाकलं. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. माझं नाव वेळापत्रकात आधीच होतं, शाईसुद्धा वाळली होती. एरिनीनं माझ्या टेबलावर वाकून अर्ज भरला, स्वतःच्या अक्षरात, 'इतिहास', अन् 'विद्यार्थ्याची आवड' ह्या रकान्यात जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहीत गेली. बेचाळीसांत एक. मी तो अर्ज तीनदा वाचला.

आणि मग तिथूनच मिस्टर वदीअंना फोन लावला. दुसरं करणार काय? सोमवारी तास, मला सात ओळी येत नाहीत! म्हटलं, मिस्टर, मी नर्दीन, तुमच्या जागी धर्म शिकवणारी... शिकवणीला जागा आहे का? ते म्हणाले, "कुणासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. मग म्हणाले, "ये पोरी, ये. रोज पाच वाजता. नऊजण आहेत, तू दहावी. पाठांतर करून यायचं. आणि त्या नऊजणांवर सक्ती आहे, त्यांचं काय चालतंय! पण तू आपल्या मर्जीनं येतेयस ना, तेव्हा तू पहिल्या बाकावर बस."