एका तापाच्या तीन रजा

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला यात काय त्रास आहे?" मला काय त्रास आहे! अहो, तीस वर्षं बातमीदारी केली मी. पूर बघितले, आगी बघितल्या, सकाळी एका पक्षातून निवडून आलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या पक्षाच्या गाडीतून हात हलवताना बघितला… भुवई हलली नाही माझी. पण गेल्या महिन्यात, आमच्याच ऑफिसच्या दारात, आमच्याच वॉचमनपायी मी असा हादरलो, तुम्हाला सांगतो, असा हादरलो की घरी गेलो तरी तोंडाचा आ मिटेना. बायको म्हणाली, "मिटा आता, माशी जाईल."

त्याचं झालं असं. सोमवारच्या मीटिंगला मालक शिंकले. आमच्या वर्तमानपत्राचे मालक. साधंसुधं नाही हो शिंकले, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना समान वाटप! आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं काही समान वाटलं. मी बरोबर समोर. मंगळवारी मला कणकण. जाताना दारातल्या वहीत सही करायला वॉचमनचं पेन घेतलं, त्यावरच शिंकलो आणि 'थँक्यू' म्हणून परत दिलं. बुधवारी वॉचमनला कणकण. मामा म्हणतो आम्ही सगळे त्याला, अकरा वर्षं दारात एकाच स्टुलावर बसलेला माणूस. म्हणजे बघा, मूळ प्रत मालकांची, कार्बन माझी, झेरॉक्स मामांची. ताप तोच!

आता रजा ऐका. मालक तेरा दिवस घरी. कुणी विचारलं? कुणाची टाप आहे! सर्टिफिकेट? देणार कुणाला, आरशाला? उलट आम्हीच वर्गणी काढून फुलं पाठवली, आणि मालकांचा पलंगावरून फोन, "मी पूर्ण विश्रांती घेतोय, तुम्ही कुणी घेऊ नका."

मी? मी कायम नोकरीतला. मला वर्षाला सात दिवस भरपगारी. पण कसे? डॉक्टरचं सर्टिफिकेट, त्यावर शिक्का, तो गोलच हवा, चौकोनी शिक्क्याचा आजार आमच्याकडे चालत नाही! एचआरच्या बाई फोनवर गोड आवाजात, "सर, तुम्ही आजारी पडायच्या आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं." अहो बाई, मला आधी कळत असतं तर मी राशिभविष्य नसतं का लिहिलं? आणि आठवा दिवस लागला की अर्धा पगार. का? आठव्या दिवशी माणूस अर्धाच आजारी असतो? ताप तर तोच ना!

तर मी पाचव्या दिवशी कामावर आलो. बघतो तर मामा स्टुलावर. मफलर नाकापर्यंत, डोळे लालबुंद. म्हटलं, "मामा, घरी नाही गेलात?" तर म्हणतो, "जाणार ना साहेब, ड्युटी संपली की." मनगटाला हात लावला… तवा! भाकरी टाकली असती तर फुगली असती! तस्साच धरून समोरच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरनं छाती तपासली, पाठ तपासली, चेहरा पाडला. "चार दिवस अंथरुणातून उठायचं नाही. छातीत उतरायला लागलंय. ऐकलं नाहीत, तर पुढचा मुक्काम हॉस्पिटलात." मामांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, सर्टिफिकेट घडी करून खिशात घातलं, बाहेर आले… आणि निघाले परत दाराकडे!

"अहो मामा, डॉक्टर काय म्हणाले?"

"बरोबरच म्हणाले साहेब. पण त्यांना आमची एजन्सी कुठं माहीत आहे? एक दिवस खाडा, त्या दिवसाचा पगार गेला. तीन दिवस खाडा, स्टूल गेलं."

मी तडक जिना चढून एचआरमध्ये. "बाई, मामाला चार दिवस रजा पाहिजे." बाईंनी मान वर न करता, "ते आपले नाहीत सर."

"आपले नाहीत? अकरा वर्षं आपल्या दारात बसलाय तो माणूस!"

"दार आपलं आहे सर. ते आपले नाहीत."

ऐकताय ना? मी थक्क! दार आपलं, कुलूप आपलं, दारातून आत आलेला ताप आपला, खुद्द मालकांच्या नाकातला, अस्सल घरचा… आणि माणूस आपला नाही! म्हटलं थांब, वॉचमन पुरवणाऱ्या त्या एजन्सीलाच धरतो. लावला फोन. आधी पाच मिनिटं बासरी. मग एक मुलगा, आवाज असा की मधात बुडवून काढलाय. "सर, आजारपणाची रजा नोकरांना असते."

"मग?"

"मामा नोकर नाहीत."

"मग कोण आहेत?"

"स्वतंत्र व्यावसायिक. गेल्या वर्षी कागदावर सही केलीय त्यांनी. ते स्वतःच स्वतःचे मालक आहेत सर, आम्ही त्यांना फक्त दार मिळवून देतो."

"मग त्यांना रजा कोण देणार?"

"त्यांचे मालक."

"म्हणजे कोण?"

"तेच."

तुम्हाला सांगतो, फोन हातातून सुटायचा राहिला! मंत्र्यांना घाम फोडलेला माणूस मी, आणि एका पोरानं मला दोन अक्षरांत गार केलं! पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हटलं, "मालकानं लेखी रजा मंजूर केली, तर स्टूल राहील?" कागद चाळल्याचा आवाज… "राहील सर. पगाराचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं."

सापडला धागा! जिना उतरलो तो उड्या मारतच. "मामा, तुम्ही मालक आहात!"

"हो का? कुणाचा?"

"स्वतःचा! सही केलीत ना तुम्ही?"

"ती होय… ती शर्टाची पावती म्हणून केली होती. नवा युनिफॉर्म देतो म्हणाले."

"दिला?"

"दिला की. दोन नंबर मोठा."

जाऊ दे म्हटलं. चार दिवसांच्या पगाराएवढी वर्गणी ऑफिसात दहा मिनिटांत काढली. फुलांपेक्षा लवकर जमली, हेही सांगून ठेवतो. मग टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. अर्जदार मामा. प्रति, मालक, मामा. विषय, चार दिवसांची आजारपणाची रजा. अर्जदार म्हणून सही घेतली. आता एवढं खाली 'मंजूर' लिहायचं, आणि मामा अंथरुणात! रिक्षा दारात उभी, तुम्हाला सांगतो, रिक्षा!

मामांनी कागद घेतला. चष्मा लावला. एकदा वाचला, दोनदा वाचला. आणि काय सांगू, स्टुलावरचा तो माणूस हळूहळू ताठ व्हायला लागला.

"किती दिवस मागतोय हा?"

"कोण हा?"

"कर्मचारी."

"चार."

"सलग?" असं म्हणून 'च्यक्' केलं. "सर्टिफिकेट आहे?" स्वतःच्याच खिशातून स्वतःच काढलं, उजेडाकडे धरून शिक्का निरखला. गोल होता. जरा हिरमुसलेच. "ताप किती?"

"एकशे दोन! मामा, रिक्षावाला थांबलाय!"

"चालतोय-फिरतोय ना पण?" आणि पेन काढलं, तेच ते पेन, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं… नामंजूर.

मी किंचाळलो! "मामा! अहो, पगार जमलाय, स्टूल राहतंय, मग अडलंय कुठं?"

"तसं नाही साहेब. आज याला दिली, की सवय लागेल. उद्या परत मागेल. आणि दाराला कोण?"

"अहो, पण आजारी तुम्ही आहात!"

"ते कर्मचारी म्हणून. मालक म्हणून मी ठणठणीत आहे."

हसत होता का? देव जाणे, मफलर नाकापर्यंत होता. खोकला मात्र असा आला की स्टूल हललं. रिक्षावाला वाट बघून निघून गेला. अकरा वर्षं मालक बघितलेत हो त्यानं, दुसरं काय शिकणार?

खोकला थांबल्यावर मामांनी अर्ज माझ्या हातात परत दिला आणि मला म्हणाले, "आणि साहेब, त्याला जरा समज द्या. कामाच्या वेळेत अर्ज घेऊन बसतो."

काय करता! दिली समज.