दोरीला हात

मंडळी, पुढे या. सित्र्याहून कंपनीच्या बसने आलेले सगळे मागे उभे आहेत आणि इथे पुढच्या खुर्च्या रिकाम्या. अब्बासभाई असते तर एव्हाना त्यांनी एकेकाला दंडाला धरून बसवलं असतं. या, बसा.

रुखसानाभाभी, नाझनीन, आणि शुक्रवारची सुट्टी बाजूला ठेवून अदलियातल्या या हॉलमध्ये जमलेले तुम्ही सगळे. मी देशपांडे. अब्बासभाईंच्या या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. सलीम बोलेल, तो त्यांच्या वर्कशॉपमधला, असं सांगून पाहिलं. खरं कारण वेगळं होतं. गेली दोन वर्षं मी अब्बासभाईंशी नीट बोललेलो नाही. जो माणूस समोर असताना बोललो नाही, त्याच्याबद्दल आता माईकवर काय बोलायचं?

पण बोलतो. कारण आज बोललो नाही तर मग कधीच नाही.

इथे बहारीनमध्ये तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते रिगर म्हणून माहीत. क्रेनला अवजड माल बांधायचा, तो सुखरूप वर जाऊन सुखरूप खाली येईपर्यंत मान वर करून उभं राहायचं. आम्हा चौघांना ते शुक्रवारचे अब्बासभाई म्हणून माहीत. शुक्रवारी सकाळी एका बहारीनी दोस्ताची बोट घेऊन आम्ही समुद्रात जायचो. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठी वाढलेले. हातात लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली साधी दोरी, तिला गळ. मी पुण्याचा. माझ्याकडे भारी रॉड, भारी रील, टोपी, काळा चष्मा, सगळं. फक्त एक गोष्ट वेगळी. मी मासे खात नाही. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, हा माझा खेळ.

पहिल्या दिवशी मी एक चांगला हामूर पाण्यात सोडला तेव्हा अब्बासभाईंनी कपाळावर हात मारला होता. "अवो देशपांडेसायब, पावन्याला दारातनं परत धाडलात!" मग दिवसभर हसत होते. आणि जुम्म्याच्या नमाजाची वेळ गाठायची म्हणून "यल्ला, यल्ला" करत आम्हाला वेळेत किनाऱ्याला आणत होते.

आता ती गोष्ट. इथे चार जणांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही. सगळ्यांना कळू दे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं आणि अब्बासभाई, पाचही जणांनी एकदम लीव्ह काढली आणि मालदीवला गेलो. खोल समुद्रातली मासेमारी करायची हे माझं जुनं वेड. ज्या बेटावर उतरलो तिथे पाहुण्यांची एक छोटीशी स्पर्धा होती. बक्षीस काहीच नाही. जो सेलफिश धरून सोडेल त्याचं नाव जेवणघराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे. खडूने, मंडळी! पण मला ते नाव हवं होतं. फार हवं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गळाला सेलफिश लागला. पाठीवर उभं शीड असलेला, माझ्याहून लांब. त्याने पाण्याबाहेर उडी घेतली तेव्हा आम्ही सगळे लहान पोरांसारखे ओरडलो. तासभर मी त्याला खेळवत होतो. हात सुन्न झाले, पोटरीत गोळा आला, डोळ्यांत घाम. मासा अगदी बोटीजवळ आला आणि मी गुडघ्यावर बसलो.

आणि अब्बासभाईंनी येऊन रॉडला हात लावला.

दोन क्षण. फक्त आधार दिला आणि मी उठल्यावर सोडून दिला. पण या खेळाचा नियम असा, की रॉडला दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद. बोटवाल्याने मान हलवली. मासा पाण्यात गेला, माझं नाव फळ्यावर गेलं नाही.

मी काय बोललो ते सांगतो. जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, "तुम्ही पोटासाठी मासे मारणारी माणसं, तुम्हाला खेळ काय कळणार?" चौघांसमोर म्हणालो.

ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "चुकला माजा, सायब. मासा कदी एकल्यानं वढतात काय, मना वाटला..." उठले आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. परत येताना विमानात आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी होती.

मी शुक्रवारी जाणं बंद केलं. माझा रॉड इथल्या त्या दोस्ताच्या बोटीतच पडून राहिला, तो आणायलाही गेलो नाही. आणि मग, मंडळी, दर शुक्रवारी दुपारी मनामातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराला एक पिशवी लटकलेली दिसायला लागली. शेवग्याच्या शेंगा. नारळ. कधी अळूची पानं. बेल वाजायची नाही, चिठ्ठी नसायची.

मी सलीमला विचारलं. तो म्हणाला, "त्यांच्या गावात रापण ओढतात ना, किनाऱ्यावरून, मोठं जाळं. सगळं गाव दोर ओढतं. रस्त्याने जाणाऱ्याने हात लावला तरी त्याला वाटा. ज्याचं जाळं त्याला वाटा, ज्याची होडी त्याला वाटा. अब्बासभाई तुमचा रॉड वापरतात. मग तुमचा वाटा काढतात. तुम्ही मासे खात नाही, म्हणून सूक बाजारातल्या मल्याळी भाजीवाल्याला मासा देतात आणि बदल्यात तुमच्यासाठी भाजी घेतात."

तेव्हा मला कळलं, की बोटीत ते नियम मोडत नव्हते. त्यांचा नियम पाळत होते. माणूस गुडघ्यावर आला, तर दोरीला हात लावायचा.

कळलं, आणि तरी मी फोन केला नाही. मेधा, माझी बायको, दर शुक्रवारी शेंगांची आमटी वाढताना म्हणायची, "अहो, एक फोन करा." मी म्हणायचो, "करतो." दोन वर्षं मी त्या माणसाचं अन्न खाल्लं आणि "करतो, करतो" म्हणत राहिलो. कशाची लाज वाटत होती? त्या शब्दांची? की इतक्या उशिरा जाण्याची? आता वाटतं, दोन्हीची. आणि त्या लाजेपायी रोज आणखी उशीर करत गेलो.

गेल्या शुक्रवारी पिशवी आली नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण तेव्हाही मी फोन केला नाही. शनिवारी पहाटे ते झोपेत गेले.

मंगळवारी नाझनीन आमच्या घरी आली. एका हातात माझा रॉड. पुसलेला, तेल दिलेला, रीलवर नवी दोरी. दुसऱ्या हातात पिशवी. म्हणाली, "अंकल, सॉरी, लास्ट फ्रायडेची राहिली. अब्बांच्या छातीत दुखत होतं, सो त्यांना यायला जमलं नाही. आमच्या फ्रिजमध्ये होती."

सहा शेंगा आणि अर्धा नारळ. मेधाने पिशवी घेतली. मी आत जाऊन मोरीचा नळ सोडून रडलो.

नाझनीनकडे मी एक गोष्ट मागितली. ती दिली तिने. ही बघा. ही त्यांची दोरी, आणि हा लाकडाचा तुकडा, त्यांच्या अंगठ्याने इथे खळगा पडलाय. गळ काढून ठेवलेत, घाबरू नका.

भाभी, तुम्ही आणि नाझनीन आता एकट्याने ओढायचं नाही. व्हिसाचं बघायचं असेल, घराचं बघायचं असेल, गावाकडे कळवायचं असेल, नुसतं कुणाजवळ बसायचं असेल, तरी नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी त्यांचा कधी ना कधी हात लागलाय.

आपण आता दोन मिनिटं शांत उभे राहू. पण हात जोडून नाही, हात बांधूनही नाही. या दोरीचं एक टोक भाभींच्या हातात देतो. नाझनीन, तू सोडत सोडत मागे जा. ती पुरेल शेवटच्या रांगेपर्यंत, खोल पाण्याची आहे. दुसरं टोक मी धरतो.

अब्बासभाई, माझं चुकलं. हे मी तुमच्या दारात येऊन म्हणायला हवं होतं.

उठा, मंडळी. सगळ्यांनी हात लावा.